साडेबावीस धागे

मामा विणायचा थोडं आणि चालायचा फार. हातमागाला बसायला जमिनीत खड्डा असतो. चार बोटं कापड झालं की मामा त्या खड्ड्यातून उठायचा, विणलेला तुकडा कापड गुंडाळायच्या रुळावरून सैल करून मागाच्या वरच्या दांडीवर टाकायचा आणि दाराबाहेर पडायचा. गल्ली ओलांडून समोरच्या भिंतीला पाठ लावायची, डोळे बारीक करून आपलंच कापड पाहायचं आणि तरातरा परत. एकतीस पावलं जायला, एकतीस यायला. गल्लीनं त्याचं नाव चक्करमामा ठेवलं होतं. समोरची भिंत माझ्या घराची होती, म्हणून त्याच्या चकरांचा त्रास सगळ्यात जास्त मला झाला आणि त्याची आठवण काढायचा हक्कही माझाच आहे.

आठवण निघायला कारण झालं सुनंदाच्या नव्या संगणकाचं. सुनंदा माझी मुलगी. हुडकेश्वरला तिच्याकडेच राहतो मी आता. ती घरी बसून साड्या विकते, सगळं त्या पडद्यावर. जुना बिघडला म्हणून नवा आणला, फार बारीक ठिपक्यांचा, चित्र कसं आरशासारखं. पण अक्षरं तिळाएवढी. तिनं सगळं दीडपट मोठं केलं, तर काही अक्षरं आपल्या चौकटीबाहेर आली, काही तशीच बारीक राहिली आणि चौकटींच्या रेघा कुठे जाड, कुठे पातळ झाल्या. ती दोन दिवस त्या पडद्यावर चिडत होती. मी मागून पाहिलं आणि म्हणालो, "अर्धा धागा कोणाले दिला यानं?" तिला काही कळलं नाही. कळणार कसं? तेव्हा ती जन्मलीच नव्हती.

गोष्ट सत्तर सालाच्या आगेमागची. गोळीबार चौकामागे आमची विणकरांची गल्ली, दारोदार माग. मी तिशीतला, दोन लेकरांचा बाप, शाळा चौथीपर्यंत. पण पावकी, निमकी, दीडकी आजही तोंडपाठ आहे. मोजणीत मी कोणाचं ऐकून घेत नसे. मामाचं तर मुळीच नाही, कारण तो न विचारता सांगायचा. पाठ भिंतीला टेकली की शेजारच्या खिडकीतून त्याचं तोंड आत यायचं.

"गुलाब, तुया काठ सुस्त दिसून राहिला गा."

"मामा, तुम्ही तुमचं पाहा."

"माह्यं पाहालेच त आलो. वाटेत तुयं दिसलं."

कापड जवळून पाहणाऱ्याचा त्याला राग यायचा. कोणी काठ नाकाशी धरला की तो ओढून घ्यायचा. "जवळून त शेळीबी पाह्यते. बाई रस्त्यानं चालते तवा लोक कुठून पाह्यतात? तिथं जाऊन उभा राह्य." मी एकदाही गेलो नाही. माझा माग सोडून मी कशाला उठू?

घरात त्याचं वजनमाप सगळं धाग्यात. सरूमामी ओसरीवर बसून आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या कांड्या भरायची आणि त्याच्या चकरा पाहत राहायची. जेवायला बसल्यावर मामा म्हणायचा, "भाजी दोन धागे खारट झाली वं." मामी म्हणायची, "मंग ते दोन धागे काढून ठेवा ताटाच्या बाजूले." आणि तो खरंच मान खाली घालून ताटात शोधल्यासारखं करायचा.

आमच्या गल्लीचं नाव होतं करवतकाठाच्या लुगड्यावर. करवतीसारखे दात दोन्ही काठांवर, पायापासून पदरापर्यंत. काठाचा धोटा वेगळा, अंगाचा वेगळा, आणि दोघांचे धागे एकमेकांत अडकवून माघारी न्यायचे. दात काढायला यंत्र नाही, नुसती मोजणी. बारा उभे धागे आत शिरायचं. ते शिरताना पंधरा आडवे धागे पडायचे, माघारी येताना पुन्हा पंधरा. की झाला एक दात. मामा तोंडानं मोजायचा, आणि त्याची मोजणी समोर माझ्या मागापर्यंत ऐकू यायची.

मग संस्थेनं नवं सूत आणलं. विणकरांची संस्था आम्हाला सूत द्यायची आणि कापड घ्यायची. नवं सूत बारीक, मागाची फणीही दाट. जुन्या जागेत दोन धागे बसायचे तिथे आता तीन बसायला लागले. कापड मऊ झालं, हलकं झालं, पण जुन्या मोजणीनं विणलेला दात एवढासा. काठ पाहिला तर वाटे, उंदरानं कुरतडलाय.

संस्थेचा साहेब गल्लीत आला. म्हणाला, "बायकांना आता हलकं लुगडं पाहिजे. पण काठ तोच पाहिजे, जुना. पुढच्या अमावस्येपर्यंत नमुन्याचं एक लुगडं द्या. नाही जमलं तर सांगा, गल्लीला पांढऱ्या धोतरांचं काम लावून देऊ. काम बंद नाही पडणार."

बाकीच्यांना हे वाईट वाटलं नाही. पांढरं कापड झटपट उरकतं. मामा मात्र साहेबाचं बोलणं अर्धवट सोडून माझ्या भिंतीशी आला. तिथून मोकळ्या मागाकडे पाहत मला म्हणाला, "पांढऱ्यात दुरून काय पाहाचं गा? मंग मी उठूच कायले?"

मी म्हणालो, यात आहे काय? दोनाचे तीन झाले म्हणजे सगळं दीडपट. बारा दीड अठरा. पंधरा दीड साडेबावीस. इथे मी थांबलो. अर्धा धागा मागावर पडत नाही. धोटा एक तर जातो, नाही तर नाही जात. मला वाटलं, अठरा धागे आत घेतले की बास, पंधराचे पंधरा राहू देऊ. गल्लीसमोर मोठ्या तोंडानं सांगून बसलो होतो, म्हणून हातभर विणून मामाच्या दांडीवर टाकलं.

मामा भिंतीपर्यंत गेला आणि तिथूनच ओरडला, "दात नाही हे लेका, बाभळीचे काटे होय! हे नेसून बाई बसन कुठं?"

अख्खी गल्ली हसली. दात आत जुन्याइतकेच शिरले होते, पण लांबीत दाटले होते, सुयांसारखे टोकदार. मी दोन दिवस मामाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच माझ्या खिडकीतून हाक मारली. "रुसला का गा? चाल, दोघं मिळून चुकू."

मग आम्ही दोघं मिळून चुकलो. अर्धा मोठा धरून तेवीस चढते, तेवीस उतरते घेतले. दात देखणे आले. मामाच्या दारापासून भिंतीपर्यंत सुंदर दिसले. पण एका दाताला पंचेचाळीसच्या जागी सेहेचाळीस धागे लागत होते. एकेक धागा वाढत वाढत लुगड्याच्या शेवटाला पोचला, आणि ताण्यावरची, म्हणजे उभ्या धाग्यांवरची, पदराची खूण आली तेव्हा दात मधोमध कापला गेला. आमच्यात असं लुगडं नवरीला देत नाहीत. पदराच्या तोंडाशी दात पूर्ण मिटलाच पाहिजे.

मी म्हणालो, "एवढ्या लांब लुगड्यात एक दात. कोण पाह्यते?"

"पदर जाते खांद्यावर. सगळ्यात आधी तोच दिसते." मामानं अख्खं लुगडं घडी करून बाजूला ठेवलं. अमावस्येला बारा दिवस उरले होते आणि एका लुगड्याला आठ लागायचे.

पुढे तेवीस चढते, बावीस उतरते करून पाहिले. बेरीज बरोबर पंचेचाळीस. मी खूश. मामा भिंतीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. मी विचारलं, "आता काय झालं?"

"समदे दात झुकून राहिले. काठ पदराकडं चालून राहिला."

"एका धाग्यानं? मामा, वेड लागलं तुम्हाले."

"एका दाताले एक धागा, गुलाब. दात किती हायेत?"

मला काही दिसेना. पण दुसऱ्या दिवशी पाणी भरायला बाहेर निघालो, सहज मान वळली, आणि दिसलं. वाऱ्यात ज्वारी झुकावी तसा सगळा काठ एकीकडे झुकला होता. एकदा दिसलं ते मग डोळ्यातून जाईना. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्याच भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मामानं पाहिलं, पण टोमणा मारला नाही. त्याची मला जास्त भीती वाटली.

ते दोन दिवस मामा विणतच नव्हता. नुसता चालत होता. जेवताना उठायचा, बोलता बोलता उठायचा. "साडेबावीस, साडेबावीस" म्हणत एकतीस पावलं तिकडे, एकतीस इकडे. आम्ही जुनं सूत मागून पाहावं का, असं कोणी म्हणालं, तर त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी सरूमामीनं हातातली कांडी खाली ठेवली.

"अवो, बसा आता. तुमच्यापाई माह्यं डोकं गरगरून राहिलं. एक चक्कर उजव्या पायावर वळता, दुसरी डाव्या पायावर. तेवढंच पाहून राहिली मी सकाळपासून."

मामा गल्लीच्या मधोमध थांबला. "काय म्हणली?"

"एकदा उजवा, एकदा डावा. रोजच वळता. मोजून घ्या."

"मंग मी पडत काहून नाही वं?"

"दोघाले पाळी देता म्हणून नाही पडत. एकाच पायावर वळले असते त कवाच गेले असते नालीत."

तो खड्ड्यात जाऊन बसला तो दुपारपर्यंत उठला नाही. पहिला दात तेवीस चढता, बावीस उतरता. दुसरा बावीस चढता, तेवीस उतरता. अर्धा धागा एकदा याला, एकदा त्याला. बेरीज दर दाताला पंचेचाळीसच. हातभर झाल्यावर त्यानं मला बोलावलं आणि म्हणाला, "तू जाऊन पाह्य. माह्या डोळ्याले आता भरोसा नाही." मी एकतीस पावलं गेलो, पाठ टेकवली आणि वळून पाहिलं. काठ जागच्या जागी ताठ उभा होता. मी तिथूनच हात वर केला.

आळीपाळीनं दोघं बसलो. अमावस्येच्या आदल्या सकाळी पदराची खूण आली आणि दात मिटला, धाग्याला धागा. साहेबानं लुगडं नाकाशी धरलं, तेव्हा मामानं त्याला दंडाला धरून माझ्या भिंतीशी नेऊन उभं केलं. "हे कोणाचं डोकं?" साहेबानं विचारलं. मी तोंड उघडणार होतो, खोटं कशाला बोलू. पण मामानं ओसरीकडे बोट केलं. "हे त्या बाईचं. आम्ही दोघं नुसते हात."

करवतकाठ आमच्या गल्लीत पुढे दहा-बारा वर्षं टिकला. त्या वर्षांत माझ्या भिंतीवर मामाच्या पाठीचा एक गुळगुळीत काळसर डाग पडला. दर दिवाळीला मी भिंतीला चुना मारायचो आणि महिन्याभरात डाग वर यायचा. मग यंत्रमागाचं कापड आलं. त्यावर दात छापूनच मिळायचे. बाया तेच घेऊ लागल्या. एकेक माग पांढऱ्यावर गेला, मग उठला. मी धंतोलीत एका दवाखान्यात पहारेकरी लागलो, बिऱ्हाडही तिकडेच नेलं; गल्लीतलं घर ठेवलं होतं, दिवाळीला चुना मारायला यायचो. मामाच्या डोळ्यात तोवर पडदा उतरत होता. म्हटलं, दवाखान्यात चला, मी नेतो. म्हणाला, "पाहाले काही असन तवा येईन."

शेवटचं भेटलो तेव्हा उन्हाळा होता. सुट्टीच्या दिवशी गल्लीत गेलो, तर मामा मागावर बसलेला. संस्थेचं पांढरं धोतर. मी ओसरीवर बसलो, मामीनं चहा केला, आम्ही गप्पा मारल्या. चांगला तास गेला असेल. अचानक माझ्या ध्यानात आलं की मामा एकदाही उठला नाही. हात चालले होते, धोटा इकडून तिकडे, आणि तोंडात मोजणी नव्हती. मामीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "सहा महिने झाले असेच. बसा म्हणत होती मी. बसले आता."

निघताना मी म्हणालो, "मामा, चला, एक चक्कर मारू."

"पांढऱ्याले कायले गा," तो म्हणाला आणि धोटा फेकला.

त्या पावसाळ्यात तो गेला. दिवाळीला मी भिंतीला चुना मारला. डाग पुन्हा वर आला नाही.

सुनंदाला मी सांगितलं, दीडपट करू नको, सरळ दुप्पट कर, म्हणजे अर्धा उरणारच नाही. तिनं केलं. अक्षरं चौकटीत गेली, रेघा सगळ्या सारख्या झाल्या, पण सगळं एवढं मोठं की साड्यांचं पान पडद्यात मावेना. मग तिनंच ब्राउझरमधलं पान थोडं थोडं बारीक करत आणलं. चौकटींचा काठ सुटत नाही ना, हे पाहत. दर वेळी मला विचारायची, "बाबा, आता?" मी पडद्याशी नाक लावून बसलो होतो. उठलो.

"कुठं चालले?"

"पाहून येतो," मी म्हणालो. खोली लहान आहे. सहा पावलांत भिंत लागली. पाठ टेकवली आणि डोळे बारीक केले.