शब्दावरची वाट

ओपल स्टिडम बावीस वर्षं ज्या घरात राहिली, ते तिचं नव्हतं. केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत, आमच्या खोऱ्याच्या टोकाला ते लाकडी घर आहे. भाड्याच्या घराला सहसा कुणी जीव लावत नाही, ओपलनं लावला. शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटली की ओसरीच्या फळ्या घासायची. ओढ्यातले दगड एकेक करून वर आणले आणि अंगणाला बांध घातला. तो बांध मी पाहिलाय. आमच्याकडच्या गवंड्याला जमणार नाही असा आहे.

गेल्या उन्हाळ्यात घरमालकीण वारली. मुलं ओहायोत राहणारी. त्यांनी कळवलं, ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत घेत असलीस तर घर तुझं, नाहीतर येईल त्याला विकू.

ओपलजवळ साठवलेलं काही नव्हतं. पण खेड्यातल्या माणसांसाठी सरकारच्या हमीचं घरकर्ज असतं आणि आधी काही भरावं लागत नाही, हे तिला कळलं. कर्जाच्या कचेरीतल्या बाईंनी अटी तपासल्या. आमचा भाग खेड्यांच्या नकाशात होता, ओपलची कमाई मर्यादेच्या आत होती, छप्पर आणि विहिरीचं पाणी पसंत पडलं. मग बाईंनी विचारलं, घरापर्यंतचा रस्ता कुणाचा?

रस्ता ग्रोव्हर कॉम्ब्सचा. सडकेपासून वर चढणारी खडीची वाट त्याच्या कुरणातून जाते. साठ वर्षं जाते ती त्याच्या वडिलांनी दिलेल्या शब्दावर. बाई म्हणाल्या, वहिवाटीचा कायमचा हक्क नोंदवलेला हवा. शेजाऱ्यानं एक सही केली की झालं.

एक सही! ग्रोव्हरच्या आजाला लिहिता येत नव्हतं. त्यानं कोळसा कंपनीच्या एका कागदावर सहीऐवजी फुली काढली होती. त्याला वाटलं, जमिनीखालचा कोळसा तेवढा दिला. पुढे यंत्रं आली आणि कोळशासाठी वरचा डोंगरही सोलून गेली. कागदात तसंच होतं. तेव्हापासून कॉम्ब्सांच्या घरात जमिनीच्या कागदावर कुणी सही करत नाही. शब्द देतात, आणि दिलेला मोडत नाहीत.

ओपलनं विचारलं तेव्हा ग्रोव्हर रागावला नाही. चर्चला जायची टोपी घालून तिच्याबरोबर कचेरीत गेला आणि बायबलवर हात ठेवून सांगतो म्हणाला. बाईंनी नम्रपणे विचारलं, "तुमच्या शब्दाबद्दल शंका नाही, पण तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतर माझा मुलगा," ग्रोव्हर म्हणाला. "त्याला मी वाढवलाय, सरकारनं नाही."

शेवटच्या शुक्रवारी ओपल कागद घेऊन त्याच्या टेबलाशी बसली. त्यानं चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. एका शब्दाशी थांबला.

"कायमचा म्हणजे किती, पोरी?"

"तुमच्यानंतरही. माझ्यानंतरही."

"माझ्या आजालाही असंच सांगितलं होतं."

"ग्रोव्हरकाका, मी कंपनी आहे का?"

"तू नाहीस. कागद आहे."

त्याचा तळवा कागदावरच राहिला. त्यानं पेन उचललं नाही, कागदही परत केला नाही. ओपलला वाटलं, हात जोडले तर तो सही करेल, आणि मग उरलेलं आयुष्य आपल्याला तोंड दाखवणार नाही. तिनं हात जोडले नाहीत. साडेचारला कचेरी बंद झाली, तरी दोघं तशीच बसून होती.

घर सिनसिनाटीच्या एका निवृत्त दंतवैद्यानं रोख घेतलं. कर्ज नाही, म्हणून अट नाही. त्यानं ग्रोव्हरला वाटेबद्दल विचारलं, ग्रोव्हरनं शब्द दिला, दोघांनी हात मिळवले, संपलं.

ओपल आता शाळेमागच्या, चाकांवर ओढून आणलेल्या पत्र्याच्या घरांच्या रांगेत भाड्यानं राहते. तिथं एका रविवारी ग्रोव्हर आला. पायरीवर उभा राहून, टोपी हातात फिरवत म्हणाला, "त्यानं माझ्याकडे कागद मागितला नाही गं."

"त्याला मागायची वेळच आली नाही, काका," ओपल म्हणाली आणि त्याला आत बसायला जागा करून दिली. खुर्ची एकच होती. ती स्वतः उभी राहिली.