फ्राउ क्रामरच्या सायकलची आयुधपूजा

जर्मनीत जाऊन मला अकरा दिवस झाले होते, आणि बाराव्या दिवशी सकाळी मी अँब्युलन्समध्ये आडवी होते. सोबत एक भोपळाही होता. म्हणजे त्याचा बराचसा भाग माझ्या केसांत होता.

असं एकदम सांगितलं की लोक माझ्याकडे दयेनं बघायला लागतात, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आम्ही बेंगळूरचे, जयनगरातले. पुण्याहून कंप्युटरसाठी आलेले नव्हे! आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराच्या मागोमाग इकडे आले आणि परत जायचं राहूनच गेलं. त्यामुळे आमच्याकडे वडील म्हणजे अण्णा, थोरली बहीण म्हणजे अक्का, आणि दर चार शब्दांनंतर एक कानडी शब्द. अण्णा एका कारखान्यात फोरमन होते. देवळात ते वर्षातून एकदाही जात नसत. (“देवाला माझा पत्ता ठाऊक आहे,” म्हणायचे.) पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा आली, की याच माणसाच्या अंगात यायचं! स्कूटर, पाने, पक्कड, आईचं शिलाई मशीन, मिक्सर, एकदा तर माझा कंपासबॉक्स... कुणालाही कुंकू लावल्याशिवाय सोडायचे नाहीत. शेवटी एका कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, स्कूटरवरून ओवाळायचा आणि भर रस्त्यात दाणकन आपटायचा. वाहनाला लागणारी दृष्ट कोहळ्यानं स्वतःवर घ्यायची आणि फुटून जायचं, असा तो करार. मग चाकाखाली लिंबू ठेवून त्यावरून गाडी घालायची, की वर्षभराची काळजी मिटली. त्या दिवशी आमच्या रस्त्यावर इतके कोहळे फुटलेले असत, की पाय कुठे ठेवावा ते कळत नसे.

याच अण्णांनी आम्हा दोघी बहिणींना मिळून एक लेडीज सायकल घेऊन दिली होती. अक्का ती चालवायला शिकली. मी कॅरिअरवर बसायला शिकले. जयनगर ते जे. पी. नगर रस्त्यावरचा एकेक खड्डा मला पाठ होता, पण सगळा मागच्या चाकाच्या बाजूनं! अण्णांना वाटायचं, दोघी आलटूनपालटून चालवतात. त्यांचा गैरसमज दूर करायची तसदी आम्ही कधी घेतली नाही.

पुढे मला ब्राउनश्वाइग नावाच्या शहरात शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. अण्णांनी सबंध चौथ्या ब्लॉकात म्हैसूरपाक वाटला. आईनं बॅगेत लोणचं, मेतकूट आणि अर्धा किलो कुंकू भरलं. (“एवढं कुंकू कशाला ग?” “तिकडे मिळत नाही!”) आणि मी जर्मनीत उतरले, तर वसतिगृहात खोल्या संपलेल्या! खोली नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर पोलिसांत नोंद नाही, नोंद नाही तर देशात राहायची परवानगी नाही. म्हणजे म्हैसूरपाक पचायच्या आत मी जयनगरात परत.

दोन दिवस वणवण केल्यावर शहराच्या पार टोकाला फ्राउ क्रामर सापडली. वय पासष्टच्या आसपास, उंची दारापेक्षा जरा कमी, भिंतीवर बावीस नियमांचा टंकलिखित कागद. इंग्रजी ती मोजूनमापून बोलायची.

“सायकल येते?” हा तिचा पहिला प्रश्न. नाव नंतर विचारलं.

“का?”

“ट्राम तीन किलोमीटरवर आहे. मागच्या भाडेकरूला सायकल येत नव्हती. रोज उशीर करायचा आणि मला गाडी काढायला लावायचा. सायकल न येणाऱ्याला मी खोली देत नाही.”

“येते!” मी म्हणाले. इतक्या ठामपणे मी परीक्षेतही कधी उत्तर दिलेलं नाही.

“ठीक. एक महिना बघू.” तिनं गॅरेजमधून एक उंच, काळी, दांड्याची पुरुषी सायकल बाहेर काढली. फडक्यानं ती पुसताना तिचा चेहरा जरासा मऊ झाला. “माझ्या नवऱ्याची. हान्स गेला त्याला चार वर्षं झाली. जपून वापर.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून माझा नेम सुरू झाला. फाटकापाशी डावा पाय पेडलवर ठेवायचा, हात हलवून “च्यूस!” म्हणायचं, लंगडीसारख्या उड्या मारत कोपरा गाठायचा आणि कोपऱ्यावर वळलं की मुकाट्यानं उतरून सायकल ढकलत न्यायची. जाताना तीन किलोमीटर, येताना तीन. अहो, नुसती चालत गेले असते तर निम्मे कष्ट पडले असते! पण सायकल घरी ठेवली असती तर खोली गेली असती.

रविवारी बूथवरून घरी फोन लावला. बढाई मारायची हौस दांडगी, त्यामुळे पहिलं वाक्य तोंडातून निघालं ते असं, “अण्णा, मला इथे सायकल मिळाली!”

“भले! नवीन वाहन! पूजा केलीस काय?”

“अहो अण्णा, हे जर्मनी आहे.”

“मग? तिथे माणसं पडत नाहीत काय? हे बघ, गुरुवारी आयुधपूजा आहे. तोवर पेडलवर पाय ठेवायचा नाही. सांगून ठेवतो!”

“सरी, अण्णा! अजिबात ठेवणार नाही!” जन्मात त्यांचं इतकं आनंदानं मी कधी ऐकलं नव्हतं.

“आणि गुरुवारी कोहळा फोडून, लिंबावरून स्वल्प तरी चालवायची. त्याशिवाय पूजा पुरी होत नाही. झाली की फोन कर.”

मागून अक्काचं खो खो हसणं ऐकू आलं. खरी गोष्ट तिला एकटीलाच माहीत होती.

आता कुणी म्हणेल, ‘केली पूजा’ असं सांगून मोकळं व्हायचं. पण आधीच एक थाप मला रोज सहा किलोमीटर चालवत होती, दुसरीचं बळ नव्हतं. शिवाय खरं सांगते, त्या आठवड्यात मला घराची फार आठवण येत होती. बुधवारी आईची कुंकवाची पुडी उघडली आणि त्या वासानं मी पलंगावर बसून चांगली रडले. मग डोळे पुसून बाजारात गेले.

कोहळा मिळाला नाही, म्हणून नारिंगी भोपळा घेतला. लिंबं मिळाली. शेवंतीची फुलंही ढिगानं मिळाली. (फुलवाली अतिशय सहानुभूतीनं बघत होती. तिकडे शेवंती थडग्यावर वाहतात, हे मला मागाहून कळलं.) हँडलला बांधायला केळीचे खुंट कुठून आणणार? त्याऐवजी कांद्याच्या पातीचा एक थोराड भाऊबंद मिळाला, हातभर लांब. त्याचाच एकेक दांडा दोन्हीकडे बांधला.

गुरुवारी सकाळी साडेसहाला, धुक्यात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना मी सायकल फाटकाबाहेर स्टँडवर लावली. शेवंतीची माळ घातली. घंटीला, दिव्याला, सीटला कुंकू लावलं. भोपळ्याला भोक पाडून उरलेलं सगळं कुंकू पाण्यात कालवून आत ओतलं, कापलेली चकती पुन्हा घट्ट बसवली, वर कापूर पेटवला, ओवाळला, डोळे मिटले आणि भोपळा आपटला.

तो फुटलाच नाही! आपल्या कोहळ्याला जनाची नाही तरी मनाची लाज असते, पडला की फुटतो. हा जर्मन भोपळा टप्पा खाऊन उताराला लागला तो थेट शेजाऱ्याच्या फाटकापाशी. तिथला कुत्रा भुंकायला लागला. मी धावत जाऊन भोपळा आणला, पुन्हा आपटला. पुन्हा तेच! कुत्रा आता मागच्या पायांवर उभा. तिसऱ्या वेळी मी कठड्यावर चढले, भोपळा डोक्याच्या वर धरला, अण्णांचं नाव घेतलं आणि जीव खाऊन फेकला.

फुटला. असा फुटला की रस्ता, फाटक, माझा पांढरा पंजाबी ड्रेस आणि हान्सची सायकल, सगळं एका क्षणात लालभडक!

आता थांबायला हवं होतं. पण लिंबं राहिली होती ना! ती चाकांपुढे ठेवली आणि मी ओढणी खोचून त्या उंच दांड्यावरून पाय टाकला. आयुष्यात प्रथमच सायकलच्या पुढच्या भागावर बसले. पुढचं चाक लिंबावर चढलं, लिंबावरून भोपळ्याच्या गरावर उतरलं, आणि मग मी, सायकल आणि शेवंती वेगवेगळ्या दिशांना गेलो.

त्याच क्षणी फ्राउ क्रामरनं खिडकी उघडली. तिला काय दिसलं, बघा! रस्त्याच्या मधोमध रक्ताचा सडा. त्यात तिची भाडेकरू पसरलेली. शेजारी नवऱ्याची सायकल आडवी, आणि तिच्यावर थडग्याची फुलं! तिनं फोडलेली किंकाळी माझ्या अजून लक्षात आहे.

पाच मिनिटांत अँब्युलन्स. सगळी गल्ली गाऊन आणि पायजम्यात बाहेर. एक दाढीवाला माझ्याशेजारी गुडघे टेकून बसला.

“हलू नका. रक्त कुठून येतंय?”

“हे रक्त नाही,” मी माझ्या अकरा दिवसांच्या जर्मनमध्ये म्हणाले, “ही भाजी आहे.”

त्यानं आपल्या जोडीदाराकडे बघितलं. “बरं. आज कोणता दिवस आहे, सांगता येईल?”

“नवमी!”

त्यानं ताबडतोब माझ्या गळ्याला पट्टा बांधला.

“आणि सायकलला ही भाजी कशाला बांधलीत?” जोडीदारानं हलकेच विचारलं.

“केळी मिळाली नाहीत.”

त्यांनी मला लगेच स्ट्रेचरवर बांधून उचललं. फ्राउ क्रामर झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून माझ्याबरोबर आली, आणि हॉस्पिटल येईपर्यंत तिनं माझा लाल हात सोडला नाही. मला एवढंच दिसत होतं, की खोली गेली.

हॉस्पिटलात सगळीकडून फोटो काढले. मनगट मुरगळलेलं, बाकी भोपळा. दुपारच्या आत घरी सोडलं. पण तोवर फ्राउ क्रामरनं आपलं कर्तव्य केलं होतं. माझ्या फॉर्मवरचा नंबर बघून तिनं बेंगळूरला फोन लावला होता. तिकडे अण्णा नुकतेच स्कूटरपुढे कोहळा फोडून आत आले होते, पंधरा नातेवाईक चुरमुरे खात बसले होते, आणि फोनवर एक बाई म्हणत होती, “डॉटर. बायसिकल. हॉस्पिटल. ऑल रेड.” आईच्या हातातलं ताट तिथेच पडलं म्हणे.

मी घरात पाय ठेवते तोच फोन वाजला.

“वीणे!” अण्णांचा आवाज चिरका झाला होता. “जिवंत आहेस न ग?”

“अण्णा, मी ठीक आहे. ते कुंकू होतं.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग, “पूजा केली होतीस काय?”

“हो.”

“बघ! म्हणून थोडक्यात निभावलं!”

“अण्णा, पूजा केली म्हणूनच पडले!”

“तेच म्हणतो मी. सगळं कोहळ्यावर गेलं!”

तेवढ्यात अक्कानं फोन ओढून घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाली, “अय्यो, तू चालवलीस? किती?”

“एक लिंबू.”

“आणि दुसरं?”

“दुसऱ्यापर्यंत पोचलेच नाही.”

फोन ठेवून वळले, तर फ्राउ क्रामर समोर उभी. हातात टंकलिखित कागद. खाली पेनानं लिहिलेलं, नियम तेवीस : रस्त्यावर भाजी फोडू नये.

“हे सगळं कशासाठी होतं?” तिनं विचारलं.

“सायकलवर बसेल तो सुखरूप घरी यावा म्हणून,” मी म्हणाले. तिनं सायकल आधीच धुऊन ठेवली होती. फक्त घंटीवरचं कुंकू तसंच होतं. ते बघितलं आणि मला राहवेना. “फ्राउ क्रामर, मी खोटं बोलले. मला सायकल येत नाही.”

“ठाऊक आहे.”

“केव्हापासून?”

“पहिल्या दिवसापासून. माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. कोपऱ्याच्या पलीकडचं सगळं दिसतं.” ती जराही हसली नाही. “म्हटलं, ही किती दिवस ढकलते ते बघू. जी मुलगी खोलीसाठी रोज सहा किलोमीटर सायकल ढकलते, ती भाडं बुडवून पळणार नाही. राहा.”

मी तिच्या गळ्यातच पडले. (तेवीसपैकी एकाही नियमात हे बसत नव्हतं.)

सोमवारी सकाळी मी दप्तर घेऊन खाली आले, तर फ्राउ क्रामर कोट घालून, टोपी चढवून हान्सच्या सायकलवर तयार. दांडा असूनही ऐटीत!

“मागे बस. हे कायद्यात बसत नाही, तेव्हा शेतातल्या रस्त्यानं जाऊ. घट्ट धर.”

मी बसले. इतकी सफाईदार बसले की तिनं वळून बघितलं. काही म्हणा, अनुभव तो अनुभव!

माझं शिक्षण पुरं होईपर्यंत अण्णा जयनगरात दिसेल त्याला थांबवून सांगत होते, “आमची धाकटी युरोपात रोज सायकलवरून कॉलेजला जाते!” मधली ट्राम वगळली, तर वाक्य अक्षरशः खरं होतं. ती सायकल कोण मारतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि पासष्ट वर्षांची बाई मारते, हे मी आपणहून सांगितलं नाही.