टाकळीच्या गाळातली एकोणीस हरणं

“हात लावू नका, वाघमारे. एकाही जनावराला हात लावू नका,” रेंजर साहेब फोनवर ओरडत होते. लाईन खराब होती, त्यामुळे मीही ओरडत होतो. पोस्टमास्तर काम सोडून माझ्याकडे बघत बसले होते.

मी म्हणालो, “साहेब, एकोणीस आहेत. पोटापर्यंत गाळात आहेत. एक मेलंय.”

“शेड्यूल वनचं जनावर आहे. परवानगीशिवाय पकडता येत नाही. तुमच्या हातात मेलं तर चौकशी तुमच्यावर बसेल.”

“आणि गाळात मेलं तर?”

“तो नैसर्गिक मृत्यू.”

मग ते म्हणाले, “मी परवानगी मागतो. तोवर तुम्ही फक्त लक्ष ठेवा.”

शेड्यूल वन म्हणजे वन्यजीव कायद्यातली पहिली यादी. त्या यादीत वाघ आहे आणि काळवीटही आहे. कायद्याच्या नजरेत दोघांचा मान सारखाच. फरक एवढाच की वाघ गाळात अडकला असता, तर परवानगी घेऊन माणूस विमानानं आला असता.

मी तेव्हा निलंगा तालुक्यात वनपाल होतो. माझ्या हाताखाली दोन वनरक्षक, एक सायकल आणि माळरानाचा एक राखीव पट्टा. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. अर्धी कपाटं जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी, अर्धी ट्रकमध्ये, आणि साहेब लोक भाड्याच्या खोल्यांत. कोणता कागद कुणाकडे पाठवायचा, हे विचारायलाही एक कागद पाठवावा लागायचा. मी उमरीचा. घरात सरकारी नोकरी लागलेला पहिलाच मी. वडिलांनी जन्मभर रेल्वेच्या रुळांवर घण मारला होता. चौकशी, सस्पेन्शन म्हणजे ती नोकरी जाणं, एवढंच मला कळायचं.

आमचं रोजचं काम साधं असायचं. शाळेत साप निघाला, कुणी बाभळी तोडल्या, माळाला आग लागली, हरणांनी ज्वारी खाल्ली. संध्याकाळी हे सगळं दैनंदिनीत लिहायचं. दैनंदिनी म्हणजे दिवसभराच्या घटनांची वही. त्या दुष्काळात तीत एकच वाक्य फिरून फिरून येत होतं, ‘पाण्याच्या शोधात वन्यप्राणी गावाजवळ.’

टाकळीचा तलाव त्या भागातलं शेवटचं पाणी. तेही आटत आटत मधोमध एका डबक्यापुरतं उरलं होतं. डबक्याभोवती गाळ. वरून वाळलेला, भेगाळलेला, शेताच्या जमिनीसारखा दिसायचा. खाली मात्र खिरीसारखा. पहाटे हरणांचा कळप पाण्यावर गेला आणि साय फुटावी तसा तो पापुद्रा फुटला.

हे मला सांगायला आला मारोती भोई. त्याच तलावात मासे धरून त्याचं पोट चालायचं. तलाव आटला तसा तो दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता. काळा, किडकिडीत, साठीचा माणूस. मी पोस्टातून बाहेर आलो तेव्हा तो पायरीवर बसला होता.

“काय म्हनले सायेब?”

“हात लावू नका म्हणाले.”

“कशाला?”

“हरणाला.”

मारोतीनं विचार केला. “मंग गाळाला लावू की.”

आदेश हरणाबद्दल होता, गाळाबद्दल कुणी काहीच बोललं नव्हतं. मी त्याला सायकलच्या कॅरियरवर बसवलं आणि टाकळीची वाट धरली.

तलावाच्या काठावर दीडदोनशे माणसं जमली होती. निम्म्याहून जास्त खडी फोडणाऱ्या बाया. सगळे एकाच वेळी बोलत होते. कुत्री गाळाच्या कडेनं येरझारा घालत होती. आत ती हरणं. नुसती पाठ आणि मान वर. एक मोठा काळवीट, बाकी माद्या आणि पिल्लं. माणूस जरा पुढे सरकला की सगळ्या माना एकदम ताठ व्हायच्या आणि धडपडीत अंग आणखी बोटभर खाली जायचं.

हरीण जखमेपेक्षा धास्तीनं जास्त मरतं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. जास्त धडपडलं, जास्त घाबरलं की त्याचे स्नायू जळल्यासारखे होतात. वरून एक ओरखडाही नसतो आणि जनावर तासाभरात मरून पडतं. म्हणजे मला पहिल्यांदा गाळ नाही, आवाज बंद करायचा होता.

मी हात वर करून म्हणालो, “सगळे शांत बसा.” कुणी ऐकलं नाही.

तेवढ्यात बापूराव पुढे आला. पट्ट्याला लागून त्याचं शेत. अंगानं पैलवान, आवाज त्याहून मोठा. हरणांनी त्याचं उभं पीक खाल्लं होतं आणि त्याचा अर्ज माझ्या टेबलावर दोन महिने पडून होता.

“मरू द्या की त्यांना,” तो म्हणाला. “आमची जवारी खाल्ली तवा कुनी आलं का बघायला? आता समदं सरकार धावत आलंय.”

मी म्हणालो, “बापूराव, चूक माझी. उद्या सकाळी तुमच्या शेतात येऊन पंचनामा करतो. पण आज मला तुमची गरज आहे. या गर्दीला गप्प बसवणं माझ्या बापाच्यानं होणार नाही.”

बापूराव गर्दीकडे वळला आणि म्हणाला, “ए! खाली बसा समदे! ज्याचा आवाज निघंल त्याला मी गाळात घालतो. आन् ती कुत्री हाकला तिकडं.”

बांधावर अशी शांतता पसरली की हरणांचं धापा टाकणं ऐकू यायला लागलं.

मारोती बांबू घेऊन कडेकडेनं फिरत होता. दर दोन पावलांवर बांबू गाळात खुपसायचा, काढायचा, टोक बघायचा. एका जागी थांबला आणि मला हातानं बोलावलं.

“हितं खाली मुरूम हाय. पाण्याच्या दिवसांत माझी वाट हीच. हितून गेलं तर मानूस कमरंच्या वर रुतत न्हाई. तिकडून गेलं तर सापडनार न्हाई.”

“वरून काय टाकायचं? कडबा?”

“कडबा? सायेब, गुरं उपाशी हायत. कडबा मागताल तर बाया मारतील तुमाला.” मग म्हणाला, “तुराट्या मागा.”

तुराट्या म्हणजे तुरीची वाळलेली झाडं. गुरं खात नाहीत, चुलीत जाळतात. मी बायांपुढे हात जोडले. जळण म्हणजे त्यांची संध्याकाळची चूल, हे मला ठाऊक होतं. एकीनं विचारलं, “परत मिळंल का?” मी म्हणालो, “गाळानं भरलेलं मिळेल.” ती हसली आणि उठली. तिच्यामागं बाकीच्या उठल्या. अर्ध्या तासात तुराट्यांच्या पेंढ्या, चार बाजा आणि कुणाच्या तरी गोठ्याचं एक दार, एवढं काठावर येऊन पडलं.

पोत्यांसाठी मी एका वनरक्षकाला शिवलिंगप्पांकडे धाडलं होतं. ते बाजारातले आडते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरं धोतर. दुष्काळात आडतीला माल नव्हता, रिकामं बारदान मात्र ढीगभर पडलं होतं. ते स्वतःच बैलगाडी घेऊन आले आणि परत जायचं नाव घेईनात.

खाली तुराट्या, वर पोती, त्यावर बाज उलटी. मागची बाज उचलायची, पुढे टाकायची. अशी वाट गाळात सरकू लागली. मी पोटावर पालथा पडून पेंढ्या दाबत होतो. खाकी युनिफॉर्मचा रंग ओळखू येत नव्हता. पहिली मादी माझ्यापासून दोन हातांवर आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिच्या डोळ्यात मला माझी टोपी दिसत होती.

आणि तिथे माझा आदेश संपला. इथून पुढे हरणाला हात लावणं आलं.

तेवढ्यात काठावर हालचाल झाली. रेंजर साहेब आले होते. एसटीनं फाट्यापर्यंत आणि तिथून चालत. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, हातात फाईल.

मी तिथूनच हळू आवाजात विचारलं, “परवानगी मिळाली?”

“जुन्या ऑफिसनं सांगितलं नव्या ऑफिसला विचारा. नवीन ऑफिस म्हणतं अजून चार्ज मिळाला नाही.” ते गाळातल्या मानांकडे बघत होते. ओठ हलत होते, मोजत होते बहुतेक. “किती वेळ तग धरतील?”

दुसऱ्या वनरक्षकानं बोलावून आणलेले गुरांचे डॉक्टर शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “तीन वाजेपर्यंत. मग काढून उपयोग नाही.”

साहेबांनी फाईल शिवलिंगप्पांच्या हातात दिली. खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. पँट गुडघ्यापर्यंत वळली.

“लिहून घ्या, वाघमारे. तोंडी आदेश, वेळ बारा वाजून दहा मिनिटं. आदेश देणारा मी.”

“साहेब, लिहायला हात मोकळा नाही.”

“मग नंतर लिहा. आधी मला सांगा, कुठे पाय ठेवू?”

त्या माणसाबद्दल तोवर माझ्या मनात जे काही होतं, ते मी त्या क्षणी सोडून दिलं.

पहिलं हरीण आम्ही चुकीचं ओढलं. दोघांनी खांद्याखाली हात घालून जोर लावला, ते तसूभर हललं नाही. डॉक्टर काठावरून हातवारे करू लागले. पाय मोडेल, थांबा. तेव्हा मारोती पुढे सरकला.

“गाळ पाय चोखून धरतो, सायेब. आत पानी सोडल्याबिगर सोडत न्हाई.”

त्यानं बांबूच्या टोकाला घागर अडकवून डबक्यातलं पाणी काढलं. हरणाच्या पायालगत बांबू खुपसून फिरवला आणि त्या भोकात पाणी ओतलं. एक पाय, मग दुसरा. गाळातून ‘फस्’ असा आवाज आला आणि मादी आपसूक वर आली. आम्ही तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. डोळे झाकले की हरीण निम्मं शांत होतं. पोटाखालून पोतं सरकवलं, पोत्याची चार टोकं चौघांनी धरली आणि बाजांवरून घसरत तिला काठावर नेलं. शिवलिंगप्पा धोतर खोचून एक टोक धरून होते आणि पुटपुटत होते, “निधान, निधान.” कानडीत त्याचा अर्थ सावकाश. थोड्या वेळानं आम्ही सगळेच निधान म्हणायला लागलो.

काठावर बायांनी लुगडी आडवी धरून आडोसा केला होता. आत सावलीत हरणं आडवी ठेवायची. पाय बधिर झालेले. डॉक्टर सांगतील तसं दोघी दोघी पोत्यानं पाय चोळत होत्या. मघाशी जळण परत मागणारी बाई एका पिल्लाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तोंडातून एक शब्द काढत नव्हती.

शेवटी राहिला तो काळवीट. शिंगं हातभर लांब, पिळाची, टोकं सुयांसारखी. जवळ गेलं की मान फिरवायचा. एकदा टोक साहेबांच्या बाहीतून आरपार गेलं. बापूराव उठला, माझी सायकल आडवी पाडली आणि चाकातली ट्यूब ओढून काढली. तिचे दोन तुकडे घेऊन तो वाटेवर आला. त्या दांडग्या माणसानं मागून दोन्ही शिंगं बुडाशी धरली, मी ट्यूबचे तुकडे टोकांवर चढवून बांधले. मारोतीनं पाणी ओतलं. काळवीट बाहेर आला तेव्हा तीनला दहा कमी होते.

हरणांना तासभर तसंच ठेवलं. मग एकेकाच्या डोळ्यांवरची फडकी सोडली आणि बायांनी माळाच्या बाजूचं लुगडं खाली केलं. पहिली मादी उठली, पडली, पुन्हा उठली. चार पावलं अडखळत चालली. आणि मग तिनं उडी घेतली. चारही पाय एकदम जमीन सोडून, पुरुषभर उंच. तिच्यामागून दुसरी, तिसरी. शेवटी काळवीट. वाळलेल्या माळावर ती सगळी उड्या घेत लांब गेली. इतका वेळ दाबून धरलेला आवाज तेव्हा बांधावर फुटला. बाया ओरडत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या. रेंजर साहेब अनवाणी, गाळानं माखलेले, टाळ्या वाजवत होते. मारोती मात्र गाळातून पेंढ्या उपसत होता. “बायांचं जळन हाय,” म्हणाला.

एकोणीसपैकी अठरा जगली.

दुसऱ्या दिवशी मी बापूरावच्या शेतात जाऊन पंचनामा केला. तिसऱ्या दिवशी पहाटे हरणं पुन्हा त्याच तलावावर, त्याच जागी उभी दिसली. दुसरं पाणी नव्हतं, ती जाणार कुठे? आम्ही धावत जाऊन त्यांना हाकललं आणि माझा सगळा आनंद ओसरला. मारोती म्हणाला, “दगडाचा उतार करा, सायेब. माझ्या वाटंवर. खाली मुरूम हायच.” रेंजर साहेबांनी दुष्काळी कामाच्या यादीत तो उतार घालून घेतला. खडी फोडणाऱ्या बायांनीच आठ दिवसांत काठापासून पाण्यापर्यंत दगड रचला. तोवर आम्ही डबक्यातलं पाणी काढून हरणांसाठी माळावर घमेल्यांत ठेवत होतो.

नवव्या दिवशी सकाळी बापूराव माझ्या खोलीवर आला. दारातूनच म्हणाला, “समदी दगडावरून उतरली. पानी पिऊन गेली. अठरा. म्या सोता मोजली.”

पुढे नोकरीत मी पुष्कळ जनावरं विहिरीतून, जाळ्यातून, तारेतून सोडवली. नव्या वनरक्षकांना मी एकच सांगत आलो. जनावर बाहेर काढलं की फोटो काढू नका. ते आत का गेलं, ते आधी बघा. कारण उद्याही त्याला तहान लागणार आहे, आणि तुम्हालाच पुन्हा उतरावं लागणार आहे.