नापास बाई

आमच्या नापास बाईंनी आयुष्यात कुणालाही नापास केलं नाही. तरी सोलापुरातल्या आमच्या दवाखान्यात त्यांना हेच नाव पडलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. तंबाखू सोडवण्याच्या आमच्या अभ्यासात मी डॉक्टर आणि त्या समुपदेशक. पहिल्या आढाव्याच्या बैठकीत मी म्हणाले, "हे पेशंट पहिल्या टप्प्यात फेल झाले." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्याडम, पेशंट कशाला नापास हुईल? औषध नापास झालं म्हणा की!" सगळे हसले, मीही हसले. नाव मात्र चिकटलं.

अभ्यास दोन टप्प्यांचा होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कामगारांपैकी कुणाला नुसता सल्ला आणि कुणाला सल्ल्यासोबत चघळायची गोळी, हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचा. काही आठवड्यांनी ज्यांची तंबाखू सुटलेली नसेल, त्यांची पुन्हा चिठ्ठी निघायची: कुणाला रोजचा फोन, कुणाला दुसरं औषध. पहिला उपाय लागू पडला नाही तर पुढे काय करावं, हेच तर आम्हाला शोधायचं होतं. मी हे समजावू लागले की कामगार जांभया द्यायचे. बाई मंद्रूपच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या सरळ म्हणायच्या, "भाकरी एका अंगानं भाजली की उलटायची. न्हाय उलटली तर करपती. त्यात भाकरीचा काय गुना?"

चिठ्ठीसाठी लोक त्यांच्याकडे वशिला लावायचे. एकजण तर गोळीचीच चिठ्ठी निघावी म्हणून घरची शेंगाचटणी घेऊन आला. "कंप्युटर काय माझा भाचा हाय व्हय, माझं ऐकायला?" असं म्हणून बाईंनी त्याला वाटेला लावलं. चटणी मात्र ठेवून घेतली. दुपारच्या डब्याला ती आम्ही सगळ्यांनी खाल्ली.

पण बाईंचा लोकांना लागलेला लळा हीच आमची अडचण होऊन बसली. त्यांचं मन मोडू नये म्हणून माणसं "सुटली बाई, सुटली!" असं खोटंच सांगू लागली. सुटली म्हटलं की दुसरी चिठ्ठी नाही, म्हणजे पुढचा उपायही नाही. टॉवेलच्या कारखान्यातले नरसय्या अण्णा त्यातलेच एक. त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, आणि तंबाखू वेळेत सुटली नाही तर तो कुठवर जाईल याची मला धास्ती होती. "सुटली" म्हणाले तेव्हासुद्धा त्यांच्या तोंडाला वास येत होता. मी चिडले. "आपणच लिहू या, सुटली नाही म्हणून." बाई बधल्या नाहीत. "त्यांच्या तोंडातनं येऊ दे. आज आपण त्यांच्या वतीनं लिवलं, तर उद्या ते आपल्याला काय सांगतील?"

दुसऱ्या दिवशी पाळी सुटायच्या वेळी आम्ही दोघी कारखान्याच्या फाटकाशी उभ्या. अण्णा सायकल ढकलत बाहेर आले. बाईंनी तंबाखूचं नावच काढलं नाही. त्यांच्या लेकीच्या बाळंतपणाची चौकशी केली आणि निघता निघता म्हणाल्या, "अण्णा, आमचा सल्ला वाया गेला असंल तर सांगा की. दुसरं कायतरी बघू."

अण्णांनी मान खाली घातली. "न्हाय सुटली, बाई. तुमी उनातानाचं येता. न्हाय म्हणलं तर सायेब तुमाला कामावरनं काडतील, म्हणून बोललो तसं."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अवो, माझी नोकरी वाचवायला सोताचा गाल जाळताय व्हय?"

दुसरी चिठ्ठी रोजच्या फोनची निघाली. फोन अर्थात बाईच करायच्या. हळूहळू तंबाखू सुटली, चट्टाही फिकट होत चालला.

अभ्यास संपला तशी बाईंची कंत्राटी नोकरीही संपली. निरोपाला हार, नारळ, चादर, सगळं साग्रसंगीत होतं. दवाखान्याचे मोठे साहेब अभ्यासाच्या यशावर बोलत होते, तेवढ्यात मागून नरसय्या अण्णा उठले. आभार मानणार असं वाटून साहेबांनी कौतुकाने त्यांना पुढे बोलावलं.

"बाई, लई दिस तंबाखूबिगर काढले," अण्णा म्हणाले, "पण परवा एकदा खाल्ली. तुमाला सांगितल्याबिगर जाऊ देऊ वाटंना."

बाईंनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढली. "बरं केलं सांगितलंत. बसा हितं. कवा खाल्ली? काय झालतं त्या दिशी?" दोघं बोलत बसले. साहेबांचं भाषण राहिलं ते राहिलंच.

बाई आता मंद्रूपला असतात. त्यांच्याशिवाय दवाखाना मला अजून सुना वाटतो. त्या दिवसानंतर अण्णांनी पुन्हा तंबाखूला हात लावलेला नाही. असं अण्णा सांगतात, आणि अण्णा सांगतात म्हणजे ते खरंच असतं.