पाठीतून ऐकलेला आवाज

लहानपणी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज मी पाठीतून ऐकायचे. औरंगपुऱ्यातला छापखाना बंद करून ते मला स्कूटरवर मागे बसवून गारखेड्याला घरी आणायचे. वाटेत सारखे बोलायचे. पण त्यांचं तोंड पुढे, आजूबाजूला रिक्षांचे हॉर्न. मग मी त्यांच्या शर्टाला कान लावायचे. छातीत उठलेला आवाज हाडामासातून घुमत यायचा. शब्द निम्मेच कळायचे, पण चिडलेत की थट्टा करतायत ते बरोबर कळायचं.

छापखान्यात प्रूफ तपासायची आमची एक रीत होती. एकाने मूळ मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या ओळीवर बोट फिरवायचं. बोट अण्णांचं, वाचणारी मी. "कामगार बंधूंनो स्वल्पविराम भगिनींनो उद्गारचिन्ह," असं मी चालत्या मशीनच्या वरताण ओरडायचे. इतर मुली कविता पाठ करायच्या, मी कामगारांच्या पत्रकांतल्या मागण्या पाठ करायचे. मशीन धडधडत असली की टेबलावरच्या चहात बारीक वलयं उठायची. आवाज म्हणजे थरथर, हे मला पुस्तकाआधी त्या चहाने सांगितलं.

एकदा कारखान्यातल्या गोंगाटावरचं पत्रक छापायला आलं. पत्रे ठोकणाऱ्या खात्यात प्रत्येकाला कानात घालायची बोंडं मिळालीच पाहिजेत, अशी मागणी होती. मी वाचता वाचता थांबले.

"अण्णा, मग तुमच्या कानांचं काय?"

"कान बुजवले तर मशीनचं दुखणं मला कसं कळायचं? बेअरिंग कुरकुरलं की आधी मला ऐकू यायला पाहिजे."

"पण इथं तर लिहिलंय की..."

"ते कामगारांसाठी हाय, माय. वाच पुढं."

मी पुढे वाचलं. स्वतःच्या मशीनवर राबणारा माणूस स्वतःला कामगारांत धरत नाही, याचा राग मला आजही येतो. त्याचं मशीनवर प्रेम असतं, आणि या प्रेमाची नुकसानभरपाई कुठल्याच पत्रकात मागितलेली नसते.

कान हळूहळू गेले. छापखाना विकल्यावर आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी दोन पात्यांचा स्टीलचा चिमटा तळहातावर आपटला आणि त्याचा दांडा अण्णांच्या कानामागच्या हाडावर टेकवला.

"थरथर लागती," अण्णा म्हणाले. "आवाज नाय."

बाईंनी कागदावर कान काढून समजावलं. हवेतली थरथर पडद्यावर आदळते, पडदा तीन इवल्या हाडांना हलवतो, हाडं आतल्या पाण्याला. त्या पाण्याकाठी केसांहून बारीक तंतू असतात. ते झुलले की मेंदूला निरोप जातो. वर्षानुवर्षांच्या धडधडीने ते मोडतात, आणि मोडलेले परत उगवत नाहीत. बारीक, उंच आवाजांचे आधी जातात. म्हणून ट्रक गेलेला अण्णांना अजून कळतो, पण स, श, च कधीच हरवले. माझ्या आवाजात तेच जास्त असावेत.

कानाचं यंत्र घेतलं. त्यातून भांडी आली, हॉर्न आले, माणसं आली नाहीत. आता ते डबीत असतं. सगळे म्हणतात, लिहून दाखव की. दाखवते. माझं छापून आलेलं प्रत्येक अक्षर अण्णा वाचतात. पण लिहिलेलं तर कुणापर्यंतही पोचतं. मला त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचवायचा होता, एकदा तरी.

गेल्या महिन्यात बिडकीनच्या एका कारखान्यातल्या मुलांनी माझ्याकडून पत्रक लिहून घेतलं. विषय तोच, गोंगाट. अण्णांसमोर वाचल्याशिवाय पत्रक पुरं झालं असं मला वाटत नाही. संध्याकाळी ते गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी एक प्रत त्यांच्या हातात दिली, त्यांच्या पायाशी पायरीवर, त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि दुसरी प्रत वाचायला लागले. जुन्या रीतीने, विरामचिन्हांसकट.

थोड्या वेळाने पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, त्यांचा तळहात टेकला.

"लई तावात वाचतीस," ते म्हणाले. "दम घे. वाक्य मोड तिथं."

मी वळून पाहिलं. कागद त्यांच्या मांडीवर होता आणि दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर होतं. माझ्या थांब्यांवरून ते ओळ धरत होते.

"पुढं बघ. वाच."

मी वाक्य मोडलं. शेवटची मागणी संपली, पूर्णविराम म्हणून झालं. पण मी थांबले नाही.

"अण्णा, तुम्ही कान झाकायला हवे होते. तुम्हीसुद्धा कामगारच होतात."

बोट कागदाच्या तळाशी पोचलं असणार.

"हे कागदावर नाय," ते म्हणाले.

 मी काय बोलले ते त्यांनी विचारलं नाही. हातही काढला नाही. खालून एक टेम्पो गेला, त्याची धडधड पायरीत उतरली आणि विरली. मग मी तेच पुन्हा म्हणाले, सावकाश, या वेळी विरामचिन्हांसकट.