दहापैकी दहा जिवंत

तळोज्याच्या एका प्रयोगशाळेत माझं काम गांडुळं मोजण्याचं होतं. एम.एस्सी. झालेल्या मुलीने गांडुळं मोजावीत, हे आईला काही केल्या पचत नव्हतं. सोसायटीत ती "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगायची. मला मात्र त्या कामाचा तोरा होता. माती जगण्यालायक आहे का, हे गांडुळालाच विचारायचं तर माझ्याकडे यावं लागे.

पद्धत सोपी होती. काचेच्या बरणीत ओलसर माती भरायची, दहा गांडुळं वर ठेवायची, भोकांचं झाकण लावायचं आणि दिवा चालू ठेवायचा. उजेड नको म्हणून ती आपणहून खाली शिरतात. चौदाव्या दिवशी माती उपसून जिवंत किती ते मोजायचं.

त्या हिवाळ्यात नाल्याकाठच्या एका वाफ्याची माती आली. शेजारच्या कारखान्यानेच ती तपासायला दिली होती, गावाची ओरड थांबावी म्हणून. वाफा ज्यांचा, त्या बाई मातीबरोबर स्वतः आल्या. साठीच्या आसपास, काष्ट्याचं लुगडं. बाकीची जमीन नव्या शहरात गेली होती, एवढाच तुकडा उरला होता आणि त्यात पावसाळ्यात नाल्याचं रंगीत पाणी शिरलं होतं. तिथली भाजी नातवंडांना घालावी की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

तुलनेसाठी ठेवलेल्या, लॅबच्या बागेतल्या मातीत गांडुळं बघता बघता दिसेनाशी झाली. बाईंच्या मातीत एकही शिरलं नाही. उजेड नकोसा असूनही ती वरच, काचेला चिकटून, एकमेकांत गुंतून पडली. चौदाव्या दिवशीही तिथेच. बारीक झाली होती, पण डिवचलं की हलायची. म्हणजे जिवंत.

मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "फॉर्मवर काय विचारलंय? जिवंत की मेलेली. उगाच टेन्शन कशाला वाढवतेस?" मी तेव्हा नोकरीत पर्मनंट व्हायची होते. "दहापैकी दहा जिवंत" लिहिलं आणि सही ठोकली. खोटं काहीच लिहिलं नाही, अशी स्वतःची समजूतही घातली.

बाई निकाल ऐकायला आल्या. मी पोपटासारखं सांगून टाकलं.

"बाय, मातीन गेली का वरच हायत?"

आमच्या फॉर्मला न सुचलेला प्रश्न त्यांनी एका दमात विचारला. उत्तर द्यायला मला जराही वेळ लागला नाही, आणि आज हे लिहितानाही त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

"गेली ना मावशी. खाली गेली सगळी."

"मंग बेस झालं," त्या म्हणाल्या.

महिन्याभराने त्या गेटवर लाल माठाची जुडी घेऊन उभ्या होत्या. "पोरं रोज खातान. तुला पन आनली." मी हसून जुडी घेतली. दोनदा थँक्यू म्हटलं.

घरी आईने निवडायला ताट पुढे ओढलं. मी जुडी तिच्या हातातून हिसकावली आणि खाली जाऊन कचराकुंडीत टाकून आले.

"का गं, खराब होती का?" आईने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

आईला हे एका शब्दात सांगता आलं. मावशींचं गाव आमच्या गेटपासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. मी गेले नाही.