उकरून बघणारी वहिनी

माझी वहिनी सुताच्या कारखान्याच्या दारावर बायकांच्या पिशव्या तपासायची. सुटीचा भोंगा झाला की एकेक पिशवी तिच्यासमोर उघडायची, आणि डब्याखाली, रुमालाच्या घडीत सुताचं रीळ नाही ना, हे ती हात घालून बघायची. नोकरी संपली, सवय राहिली. सुतावरून स्वर्ग गाठणं ही म्हण तुझ्याच कारखान्यात तयार झाली असणार, असं दादा तिला चिडवायचा. त्यावर ती, हे तुम्हाला कोण म्हणालं, असं विचारायची.

दादा गेल्यापासून खालच्या मजल्यावर ती, तिचा मुलगा, सून आणि अजून रांगायला न लागलेली नात राहतात. वर मी एकटा. माझ्या खिडकीतून घरामागचं लॉन सगळं दिसतं, त्यामुळे सांगतोय ते ऐकीव नाही.

या वर्षी मुलाने आणि सुनेने दुसरीकडे एक घर पाहिलं. वहिनीला ते कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा फोन घेऊन जिन्यात जायला लागला, तेवढं तिला पुरलं. वर येऊन मला म्हणाली, "भाऊजी, ही दोघं जाणार. पोरीला घेऊन जाणार." ही माणसं गेली असती तर वहिनीला संशय घ्यायलासुद्धा घरात कुणी उरलं नसतं.

मग तिने लॉन मनावर घेतलं. गवत विरळ झालं होतं, जागोजागी टक्कल पडलं होतं आणि तिथे काटेरी तण घुसायला लागलं होतं. पोरीला रांगायला मऊ, दाट गवत मिळालं तर हे लोक कशाला जातील, असा तिचा हिशेब. बियाणंवाला म्हणाला, सगळं उपटायची गरज नाही, आहे त्याच गवतावर नवीन बी टाका, विरळ जागा भरून येते. वहिनीच्या मनात लगेच पाल चुकचुकली. "आहे त्यावरच टाकायचं, म्हणजे याचं बी उगवलं नाही तरी कुणाला कळायला नको." तरी तिने घेतलं. मुलाने गवत अगदी आखूड कापलं, मुळांशी साचलेला वाळका थर दाताळ्याने ओढून काढला, माती खरवडली. वहिनीने बी टाकलं, सुनेने वरून चाळलेलं खत पातळ पसरलं. सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी शिंपायचं काम सुनेकडे आलं. आता फक्त कुणी तिथे पाय ठेवायचा नव्हता.

तिथेच घोडं अडलं. दुसऱ्या दिवसापासून, सून पोरीला अंघोळ घालत असताना, वहिनी हळूच लॉनवर उतरायची आणि चहाच्या चमच्याने माती उकरून बी फुगलंय का ते बघायची. उन्हात धरून निरखायची आणि परत टाकून द्यायची. आज इथे, उद्या तिथे. एकदा मी वरून म्हटलं, "वहिनी, उगवू तरी द्या की."

"तुम्ही माझ्यावर नजर ठेवता?" ती म्हणाली, आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

अशाने काय उगवणार? वहिनीच्या मते मात्र बियाणंवाल्याने भाजलेलं बी गळ्यात मारलं होतं. मग संशय चिमण्यांवर गेला आणि शेवटी जायचा तिथेच गेला. "ही मुद्दाम पाणी नीट घालत नाही. हिला गवत यायलाच नकोय. कुठेतरी पाणी मुरतंय, भाऊजी." पाणी मुरत होतं ते लॉनमध्ये.

त्यातच तिला जिन्याखाली एक कापडी पिशवी दिसली. तोंड गच्च बांधलेली. गाठ सोडली तर सुनेला कळेल म्हणून येता-जाता ती नुसती उचलून बघायची, आणि पिशवी हळूहळू हलकी होत चालली होती. "सामान हलवतेय," ती मला म्हणाली. "थोडं थोडं. कारखान्यातल्या बायकाही एकदम नाही न्यायच्या."

एका दुपारी सून ती पिशवी घेऊन मागच्या दाराने निघाली, तर वहिनी दारात उभी. "उघड," असा आवाज वर आला तसा मी खाली धावलो.

सुनेने पिशवी उघडली नाही, सरळ वहिनीच्या हातात दिली. वहिनीने गाठ सोडली आणि सवयीने तळापर्यंत हात घातला. मूठ बाहेर आली ती गवताच्या बियांची.

"तुम्ही सकाळी उकरता, मी दुपारी परत पेरते," सून म्हणाली. "तुमचं बी केव्हाच संपलं. हे मी आणलंय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पटलं असतं तुम्हाला?"

वहिनीने मुठीकडे बघितलं. "नाही," ती म्हणाली. मग अगदी हळू, "आणि घर?"

"पाहिलंय. चांगलं आहे. मला इथून जायचं नाहीये, आई. पण रोज झडती होते तिथे राहायचं तरी कसं?"

सुनेचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. भांडण वहिनीला झेपतं. मला वहिनीचा राग आला होता आणि तिची कीवही येत होती. तिने मूठ पिशवीत रिकामी केली, बोटांना चिकटलेलं बीसुद्धा आत झटकलं.

"उगवलं की सांग मला," ती म्हणाली. "मी बघणार नाही."

हे तिला जमेल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. पण रोज सकाळी ती स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसायला लागली, लसूण सोलत. त्या दिवसांत घरात लसूण इतका सोलून झाला की तो मलाही वर आणून दिला गेला.

एकदा मी चहाला खाली बसलो होतो. सून ओल्या पायांनी आत आली. "आई, उगवलं."

वहिनी उठली नाही. सगळीकडे का, असं विचारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. ते मला दिसलं, तसं सुनेलाही दिसलं. तिने पोरीला आणून वहिनीच्या मांडीवर ठेवलं.

"आणि त्या घरवाल्यांना आम्ही नको म्हणून कळवलं," ती म्हणाली.

कधी कळवलं, कुणी कळवलं, ते काय म्हणाले, हे सगळं वहिनीच्या जिभेच्या टोकावर आलेलं असणार. तिने नातीला घट्ट धरलं.

"बरं," ती म्हणाली.